डाव सेव्ह होतो, त्यामागचे कारण सेव्ह होत नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आले होते. मुले कॉम्प्युटरवर राजेराजे आणि लढाया खेळतात, त्यातून ना इतिहास कळतो ना हिशेब, नुसते डोळे बिघडतात, असा त्याचा सारांश. डोळ्यांबद्दल मी वाद घालत नाही. हिशेबाबद्दल मात्र घालतो, कारण हिशेब हा माझा धंदा आहे. मी इचलकरंजीत कापडाच्या पेढीवर दिवाणजी आहे. दिवसभर सुताची पोती, बिमे, मजुरी आणि येणे-देणे लिहितो, आणि रात्री जेवण झाल्यावर पंधराव्या शतकातले बहमनी राज्य चालवतो.

खेळाचे नाव 'युरोपा युनिव्हर्सॅलिस 4'. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने तो 2013 मध्ये काढला. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीने सुट्टीत तिच्या जुन्या लॅपटॉपसकट तो माझ्या गळ्यात घातला. नावात युरोप असला तरी नकाशा सगळ्या जगाचा आहे. डाव सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 रोजी. ही तारीख उगाच निवडलेली नाही. आदल्याच दिवशी वार्ना येथे ऑटोमन तुर्कांविरुद्ध लढताना पोलंड आणि हंगेरीचा तरुण राजा व्लादिस्लाव पडला, आणि त्या सगळ्या भागाची घडी विस्कटली. आपल्याकडे त्या वेळी दख्खनचा मोठा मुलूख बहमनींकडे, राजधानी बिदर, आणि कृष्णेच्या पलीकडे विजयनगरात दुसरा देवराय. डाव संपतो 1821 मध्ये. म्हणजे 376 वर्षांहून थोडी अधिक, एकेक दिवस सरकत. दर महिन्याच्या एक तारखेला वसुली जमा होते आणि फौजेचा खर्च नावे पडतो. स्पेसबार दाबला की काळ थांबतो. थांबलेल्या काळात चहा पिऊन यावे, वही उघडावी, वाटेल तितका विचार करावा. धडाधड गोळ्या झाडायचे जे खेळ मुख्याध्यापकांनी पाहिले, ते निराळे. इथे लढाई म्हणजे नकाशावर दोन सैनिक समोरासमोर उभे राहतात आणि खाली आकडे उतरत जातात. तिचा निकाल पुष्कळदा आधीच्या दहा वर्षांतच लागलेला असतो.

ती दहा वर्षे कशी जातात, हे थोडे विस्ताराने सांगतो. या खेळात पैशापेक्षाही दुर्मिळ गोष्ट म्हणजे राजाची कुवत. ती तीन खात्यांत मोजतात: कारभार, मुत्सद्देगिरी आणि लष्कर. प्रत्येक राजा प्रत्येक खात्यात 0 ते 6 गुण घेऊन गादीवर येतो. दरमहा हाती येणारे बळ म्हणजे मूळचे 3, अधिक राजाचे गुण, अधिक पगार देऊन नेमलेल्या सल्लागाराचे 1 ते 5. कारभारात एक पायरी वर चढायची तर मूळ भाव 600. समजा गादीवर कारभारात 1 गुणाचा राजा आहे आणि तिजोरीला 2 गुणांचाच सल्लागार परवडतो. महिन्याला झाले 6. भागाकार करा: 100 महिने. एका पायरीला आठ वर्षे चार महिने! त्याच गादीवर 5 गुणांचा युवराज आला तर 60 महिने. पण हेच बळ जिंकलेला मुलूख आपलासा करायलाही खर्चावे लागते. मग चढाई आत्ता करायची, की म्हातारा जाऊन पोरगा येईपर्यंत थांबायचे? साठवून ठेवू म्हणाल तर 999 च्या वर एक गुणही साठत नाही. बरे, युवराज गादीवर येण्याआधीच गेला तर? आठवीच्या गणितातल्या हौदाला आणि त्याच्या दोन नळांना या प्रश्नाची सर नाही.

यात भर तहांची. लढाई संपली की तह होतो, आणि किती घेतले त्या मानाने तो पाच ते पंधरा वर्षे बांधून ठेवतो. मुदतीआधी मोडला तर राज्याचे स्थैर्य ढासळते. आमच्याकडे पेमेंटची धारा असते, कोणत्या व्यापाऱ्याचे पैसे किती दिवसांनी यायचे ती मुदत. तशी ही राज्याराज्यांची धारा समजा. शिवाय कर्ज आहे. पाच वर्षांची मुदत, मूळ व्याज वर्षाला 4 टक्के, आणि प्रत्येक कर्जामागे महागाई थोडी चढते. शेजाऱ्याचा मुलूख घेतला की इतर शेजाऱ्यांच्या मनात आपल्याविषयी एक आकडा वाढतो. तो 50 वर गेला की ते सगळे मिळून आघाडी उघडू शकतात, आणि उतरतो मात्र वर्षाला साधारण 2 ने. आता सांगा, ज्याला हिशेब कळत नाही तो हे कसे खेळेल?

खेळेल, हेही खरे. पुष्कळ जण तसेच खेळतात. म्हणूनच हे पत्र मुख्याध्यापकांना जितके आहे तितकेच खेळणाऱ्या मुलांनाही आहे.

खेळात स्वतःची खतावणी आहे. पानेच्या पाने तक्ते: कोणाचे उत्पन्न किती, फौज किती, गलबते किती, कोणावर कर्ज किती. आलेख काढून देतो. बंद करताना डाव सेव्ह होतो, पंधरा दिवसांनी उघडला तरी शेवटची दमडी जागेवर असते. हे सगळे पाहून मुलांना वाटते की नोंद ठेवायचे काम मशीनने केले, आपण लिहायचे ते काय. आणि इथेच मेख आहे. आकडे सेव्ह होतात, पण ते तसे का ठेवले हे सेव्ह होत नाही. लगीनसराईत आमच्याकडे मालाची घाई असते, तेव्हा महिना महिना मला खेळायला मिळत नाही. परत डाव उघडावा तर माळव्याच्या सीमेवर दोन फौजा उभ्या, गुजरातशी नुकतीच सोयरीक केलेली, तिजोरीत मुद्दाम राखलेली रक्कम. कशासाठी राखली? फौजा चढाईला आहेत की नुसत्या धाकाला? मशीन म्हणते, अमुक तारखेला अमुक ठिकाणी इतके पायदळ. बस. मनसुबा माझ्या डोक्यात होता, आणि डोक्यात मधल्या काळात साडेतीनशे गाठी कापड येऊन गेले.

म्हणून मी वही ठेवतो. लाल कापडी बांधणीची, लांब, आमच्या पेढीवर असते तशीच. उत्पन्न-खर्च त्यात लिहीत नाही, कारण ते काम खेळ माझ्यापेक्षा चोख करतो. माझ्या वहीत चार रकाने: तारीख (खेळातली), ठराव, कारण, आणि चौथा रकाना 'केव्हा फिरवायचे'. नमुन्याला एक नोंद देतो.

"3 मार्च 1452. ठराव: विजयनगरशी तह, रायचूरचा दुआब घेऊन थांबायचे, जास्त मागायचे नाही. कारण: अजून घेतले तर कारभाराचे बळ पुरणार नाही, आणि ओरिसावाला आताच डोळे वटारतो आहे. तहाची मुदत 1463. तोवर दक्षिणेकडची फौज निम्मी करून खर्च वाचवायचा, तीनही कर्जे फेडायची. केव्हा फिरवायचे: गुजरातने माळवा गिळला तर, किंवा युवराज दगावला तर."

चौथा रकाना लिहायला सगळ्यात जड जातो, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो. मनसुबा करताना माणूस जोशात असतो. कशाने आपला बेत चुकीचा ठरेल, हे त्याच वेळी लिहून ठेवले की पुढे बातमी आल्यावर मनाची समजूत घालत बसावे लागत नाही. गुजरातने माळवा गिळला? वही म्हणते फिरवा, मग फिरवा. दुसरा नियम पेढीवरचाच: खाडाखोड नाही. बेत बदलला तर जुनी नोंद तशीच ठेवायची आणि खाली नव्या तारखेने नवी लिहायची. पान खराब दिसते, दिसू दे.

माझी भाची यावर हसते. ती आयर्नमॅन नावाच्या प्रकारात खेळते, ज्यात एकच सेव्ह राहतो आणि मागे जाऊन डाव पुन्हा खेळता येत नाही. नोंदी ठेवते, पण एक्सेलमध्ये, आणि त्याही आकड्यांच्या. तिचा आक्षेप असा: "मामा, दिवसभर पेढीवर लिहिता आणि रात्री परत लिहिता. मग खेळ कुठला? ही तर ओव्हरटाइमची पाळी झाली." आक्षेपात दम आहे, हे मी मान्य करतो. प्रत्येक गोष्ट लिहायला बसले तर 1444 मधून 1445 सुद्धा उजाडणार नाही. बंडाळी मोडली, वजीर बदलला, एक गढी बांधली, हे लिहायचे नसते. ज्या ठरावाचे फळ पाच वर्षांनंतर मिळणार, तेवढाच लिहायचा. एका बैठकीत असे दोन-तीन निघतात. कधी एकही निघत नाही, त्या दिवशी नुसते खेळावे.

पण तिच्या एक्सेलबद्दल माझे मत ठाम आहे. तिच्या पत्रकात विजयनगरचे लष्कर दरसाल किती वाढले हे रंगीत दिसते. त्या वाढीला घाबरून तिने काय सोडून दिले, हे कुठेच दिसत नाही. न केलेल्या गोष्टींची नोंद कोणतेही मशीन ठेवत नाही. आणि राज्य चालवताना, खेळातले का असेना, निम्मी अक्कल न करण्यातच खर्ची पडते.

जगभरातले खेळाडू आपल्या डावांचे वृत्तान्त लिहितात. चांगले रंगवून लिहितात, काही वाचताना मजाही येते. पण ते लिहिले जातात डाव जिंकल्यावर. जिंकलेल्या माणसाला आपली प्रत्येक खेळी आधीपासून ठरवून केलेलीच वाटते. हा बखरीचा गुण आहे, आणि बखरीचे काय करायचे हे मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो 1750 ते 1761 मधल्या अस्सल पत्रांचा, आणि प्रस्तावनेत बखरकारांची झाडाझडती घेतली. त्या काळातली पत्रे वाचताना अंगावर काटा येतो तो एवढ्याचसाठी, की लिहिणाऱ्याला पुढचे माहीत नाही. पानिपतच्या मोहिमेवर निघालेले सदाशिवरावभाऊ उत्तरेतल्या गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशाचा, रसदेचा तगादा लावतात. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा हाती येतो. मग अब्दाली यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवतो आणि दोन महिन्यांहून अधिक काळ छावणी पानिपतावर अडकते. डिसेंबरात गोविंदपंत मारले जातात, रसदेची आशा खुंटते. आपण वाचताना 14 जानेवारी जाणतो. पत्र जाणत नाही. त्या पत्रात कारण सापडते, कारण ते निकालाआधी लिहिले आहे. बखरीत ठपका सापडतो.

माझी वही पानिपतच्या पत्रांच्या पंक्तीला बसवतो आहे असे कोणी समजू नये. एवढेच म्हणतो की पोराने एकदा स्वतः निकालाआधी चार ओळी लिहिल्या, आणि सहा महिन्यांनी त्या वाचल्या, की अस्सल कागद आणि बखर यांतला फरक त्याला इतिहासाच्या मास्तरांनी निराळा समजावायला लागत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतल्या रोजकीर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, पडून आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्या दप्तरातून निवडक कागदांचे 45 भाग छापले, तरी दप्तराचा ढीग मोठा तो मोठाच. त्या ढिगाकडे कधीतरी वळणारी पोरे कुठून यायची? 'इतिहासात फार पाठांतर असते' म्हणणाऱ्यांतून तर नक्कीच नाही.

मुख्याध्यापकांचा दुसरा मुद्दा, की अशा खेळांना भारदस्त माणसांनी कधी जवळ केले नाही. त्यांच्या माहितीसाठी: प्रशियातले राइसविट्झ नावाचे बापलेक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नकाशावरचा युद्धखेळ घेऊन राजापर्यंत गेले. मुलाने 1824 मध्ये त्याचे नियम छापले, आणि प्रशियाच्या अधिकाऱ्यांना त्यावर शिकवले जाऊ लागले. त्यात खेळाडू आपले हुकूम पंचाकडे लेखी देत. तोंडी बोललेले पुढे नाकारता येते, हे प्रशियालाही ठाऊक होते.

खेळ इतिहास शिकवतो का? इथे मी मुख्याध्यापकांच्या बाजूला अर्धा सरकतो. माझ्या डावात बहमनी राज्य सोळाव्या शतकातही अखंड आहे. प्रत्यक्षात 1481 मध्ये महमूद गावानसारखा वजीर कटाला बळी पडून मारला गेला, आणि पुढच्या काही दशकांत त्या राज्याचे पाच तुकडे झाले: अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, बिदर, गोवळकोंडा. खेळात असला घाव नेमका तिथेच बसेल असे नाही. आणि व्यापाराच्या बाबतीत तर मी, एक कापडवाला म्हणून, या स्वीडिश मंडळींवर नाराज आहे. खेळात व्यापाराच्या वाटा ठरलेल्या दिशेनेच वाहतात आणि शेवटी व्हेनिस, जिनोआ किंवा इंग्लिश चॅनल इथे जाऊन थांबतात. गुजरातचा पैसा पश्चिमेकडे ढकलता येतो, युरोपचा पैसा गुजरातकडे वळवता येत नाही. खरा इतिहास असा की आपले सुती कापड घ्यायला युरोपच्या कंपन्यांना जहाजे भरून चांदी आणावी लागत होती, कारण त्यांच्या मालाला इथे तेवढे गिऱ्हाईक नव्हते. चांदी सुरतेला उतरायची, कापड तिकडे जायचे. खेळात कापड दिसते, चांदीची उलटी वाट दिसत नाही. वहीच्या मागच्या पानावर मी अशा तक्रारींची एक यादी ठेवली आहे, लांबली आहे. पण ही यादी करता आली तीसुद्धा खेळ खेळताना 'हे असे कसे?' म्हणून ग्रंथालयातून पुस्तके आणली म्हणून. पाठ्यपुस्तकाने माझ्यावर ती वेळ कधी आणली नव्हती.

याच कंपनीने 2025 मध्ये या खेळाचा पुढचा भाग काढला. तो 1337 पासून सुरू होतो, म्हणजे बहमनी राज्य स्थापन व्हायच्याही दहा वर्षे आधी, मुहम्मद तुघलकाच्या अमदानीत. भाची म्हणते माझ्या लॅपटॉपला तो झेपणार नाही. मलाही नव्या वहीची घाई नाही. जुनी अजून 1538 वर आहे.

आता मागणी. मुख्याध्यापकांनी शाळांनी असे खेळ मोडून काढावेत असे सुचवले आहे. त्याऐवजी आपल्या शनिवारच्या मुलांच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान द्यावे. कोणताही ऐतिहासिक खेळ चालेल: 4000 इसवी सन पूर्वपासून वसाहत उभारायचा 'सिव्हिलायझेशन' असो, किंवा मराठ्यांच्या बाजूने 1700 पासून खेळता येणारा 'एम्पायर: टोटल वॉर' असो. (ज्या वर्षी तो सुरू होतो त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. पोरांनी इथूनच सुरुवात करावी, कारणे लिहायला भरपूर वाव आहे.) मुलांनी आपल्या डावातला एक ठराव पाठवावा, चारही रकान्यांसह. दोन महिन्यांनी त्याच मुलाने त्याचे काय झाले ते कळवावे, आणि आपण दोन्ही शेजारी छापावे. अट एकच: पहिली नोंद कार्यालयात पोचल्यावर शुद्धलेखनाखेरीज तिच्यात काहीही बदलायचे नाही, मुलाने रडून विनवणी केली तरी.

सुरुवातीला मुले पाठवणार नाहीत, अशी शंका आपल्याला येईल. त्या अंकापुरती माझी वही घ्यावी. 1463 ची, म्हणजे विजयनगरशी केलेला तो तह संपला तेव्हाची, नोंद छापायला हरकत नाही. तिच्या खालच्या उलट्या नोंदीसकट छापा. मूळ वही मात्र द्यायची नाही, झेरॉक्स पाठवतो. ती भाचीला दिवाळीत दाखवायची आहे, तोवर मला विजयनगरचा निकाल लावायचा आहे.

आपला,
एक दिवाणजी,
इचलकरंजी